आभाळातून पडलेली वस्तू कुणाची?

धाराशिव तालुक्यातले बेंबळी हैदराबादपासून सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटरवर आहे. सोयाबीन, तूर आणि ज्वारीच्या या रानाचा अवकाश संशोधनाशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध आहे आणि तो बराच जुना आहे. हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र आहे. तिथून सोडलेले प्रचंड फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंची गाठतात, काही तास तरंगतात, आणि मग त्यांना टांगलेली उपकरणे हवाई छत्रीने खाली येतात. ती नेमकी कुठे उतरतील हे वारा ठरवतो. विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेवर, हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरच्या टापूत ती सापडू शकतात, असे केंद्र उड्डाणांच्या मोसमाआधी जाहीर करते. त्या जाहीर सूचनेतल्या जिल्ह्यांच्या यादीत लातूर, नांदेड, सोलापूर यांच्याबरोबर धाराशिवचेही नाव असते.

ही सूचना मुळातून वाचावी अशी आहे. फुगा पातळ पॉलिथिनचा असेल, त्याखाली लांब दोरीला रंगीत छत्री आणि पेट्या असतील, हे तिच्यात सांगितलेले असते. पेट्या हलवू नका, उघडू नका, काहींमध्ये उच्च दाबाची वीज असू शकते, असा इशारा असतो. पेटीवर लिहिलेल्या पत्त्यावर किंवा फोनवर कळवा, नाहीतर जवळचे पोलीस ठाणे, टपाल कार्यालय वा जिल्हा प्रशासनाला सांगा, असे मार्गदर्शन असते. कळवणाऱ्याला बक्षीस मिळते, निरोप पोचवण्याचा वाजवी खर्चही मिळतो, मात्र वस्तूशी छेडछाड झाली असेल तर बक्षीस नाही. बेंबळीच्या शेतकऱ्याला बांधावर अशी पेटी दिसली, तर काय करायचे हे अर्ध्या पानात उरकते.

या फुग्यांनी आणलेले विज्ञानही लहान नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादेतून असे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले गेले. दुसऱ्या प्रयोगातल्या नमुन्यांतून जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती हाती लागल्या आणि २००९ मध्ये त्या जाहीर झाल्या. तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा वाटा होता. तीन प्रजातींची नावे फ्रेड हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून ठेवली गेली. हे नमुने खाली आले, सापडले आणि प्रयोगशाळेत पोचले म्हणूनच पुढचे सगळे घडले.

फुग्याचा मालक माहीत असतो, देश आपलाच असतो, आणि सूचना आधी आलेली असते. त्याहून कितीतरी उंचावरून, कुणाला काही न सांगता एखादी वस्तू आली तर काय, हा या आढाव्याचा प्रश्न आहे.

लाडबोरीची रात्र

महाराष्ट्राला हा प्रश्न २ एप्रिल २०२२ रोजी पडला. गुढीपाडव्याचा दिवस होता. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून मध्य प्रदेश आणि गुजरातपर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारा, तुटत जाणारा पट्टा पाहिला. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धातूचे एक कडे आदळले. त्याचा व्यास दोन-तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या घरात. गावात तेव्हा सामुदायिक जेवणाची तयारी चालू होती. स्फोट होईल या भीतीने लोक घरात शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी जवळच्या पवनपार गावाच्या हद्दीत धातूचा गोळा सापडला, आणि पुढच्या काही दिवसांत आसपास आणखी काही गोळे मिळाले.

हे गोळे रॉकेटच्या आतल्या दाबटाक्या असतात. इंधन इंजिनाकडे ढकलण्यासाठी त्यांत वायू प्रचंड दाबाने भरलेला असतो, म्हणून त्या अतिशय भक्कम बांधतात. अनेकदा त्या टायटॅनियमच्या असतात आणि वर कार्बन तंतूंचे घट्ट वेटोळे असते. टायटॅनियम वितळायला सुमारे १,६७० अंश सेल्सिअस तापमान लागते. बाकीचे रॉकेट वातावरणात जळून जाते आणि या टाक्या तेवढ्या जमिनीपर्यंत येतात. गोळा पोकळ आणि हलका असल्यामुळे दोघे जण तो सहज उचलतात, मुले त्याभोवती जमतात. काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखे विषारी इंधन शिल्लक असू शकते, हे मात्र बाहेरून पाहून कुणालाही कळत नाही.

पहिल्या काही तासांत तर्कांना उधाण आले. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून सुटलेल्या एका रॉकेटकडेही बोट दाखवले गेले. हार्वर्ड–स्मिथसोनियन केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेच्या नोंदींवरून सांगितले की, हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी चांग चेंग-३बी (लाँग मार्च-३बी) रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. आठवडाभरात इस्रोचे शास्त्रज्ञ सिंदेवाहीत आले आणि त्यांनी पोलीस ठाण्यात ठेवलेल्या तुकड्यांची पाहणी केली. मे महिन्यात गुजरातेत आणंद आणि खेडा भागातही असेच गोळे पडले. सुदैवाने कुठेच कुणाला इजा झाली नाही.

जिल्हा वेगळा असल्याने बेंबळी यातून सुटते असे नाही. ज्या वस्तूची कक्षा विषुववृत्ताशी १८ अंशांहून थोडी जास्त कललेली असते, ती केव्हा ना केव्हा धाराशिवच्या अक्षांशावरून जातेच. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या बहुतेक टाकाऊ रॉकेट टप्प्यांच्या कक्षा याहून जास्त कललेल्या आहेत.

करार काय म्हणतात

कायद्याचा पाया १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने घातला. अवकाशातल्या कामाची जबाबदारी राष्ट्राची आहे, मग ते काम सरकारने केलेले असो वा त्या देशातल्या खासगी कंपनीने, हे त्याचे सहावे कलम सांगते. आठव्या कलमानुसार वस्तू पृथ्वीवर परत आली म्हणून तिची मालकी बदलत नाही. लाडबोरीचे कडे म्हणूनच लाडबोरीचे होत नाही, सापडणाऱ्याचेही नाही. ते भंगारवाल्याला विकता येत नाही. १९६८ च्या बचाव करारानुसार ज्या देशात वस्तू सापडेल त्याने सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचे, मागणी आली तर वस्तू परत द्यायची. शोधण्याचा आणि परत पाठवण्याचा खर्च सोडणाऱ्या देशाने सोसायचा.

भरपाईचा विषय १९७२ च्या दायित्व करारात येतो. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झाले, तर वस्तू सोडणाऱ्या देशाचे दायित्व निरपेक्ष असते. चूक कुणाची हे सिद्ध करण्याची गरज नाही, वस्तू कुणाची हे सिद्ध झाले की पुरे. भारत बचाव आणि दायित्व करारांत १९७९ पासून, तर बाह्य अवकाश करारात आणि अवकाशवस्तूंच्या नोंदणी करारात १९८२ पासून सामील आहे.

नियम कागदावर भक्कम आहेत, पण त्यांची दारे फक्त राष्ट्रांसाठी उघडतात. बेंबळीच्या शेतकऱ्याचा गोठा मोडला, तर दायित्व करारानुसार दावा तो स्वतः करू शकत नाही. त्याच्या वतीने भारत सरकारने राजनैतिक मार्गाने तो करायचा. मुदत एक वर्षाची, नुकसान झाल्यापासून किंवा जबाबदार देश कळल्यापासून. पुढच्या एका वर्षात तोडगा निघाला नाही, तर दावा आयोग नेमता येतो. त्याचा निर्णय दोन्ही देशांनी आधी तसे मान्य केले असेल तरच बंधनकारक, नाहीतर तो शिफारस ठरतो.

फुगा यातल्या एकाही करारात बसत नाही, कारण तो अवकाशात गेलेलाच नसतो. पण अवकाश नेमके कुठून सुरू होते? शंभर किलोमीटरची कारमान रेषा अनेक जण वापरतात, तिला आंतरराष्ट्रीय कराराचा आधार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीत सीमेची चर्चा कित्येक दशके चालू आहे. उल्केचे तर आणखीच वेगळे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्कापात झाला. ते दगड निसर्गाचे, त्यामुळे कोणताही देश त्यांना जबाबदार धरला जाऊ शकत नाही. शेतात पडलेल्या तीन वस्तूंना तीन वेगळे नियम, आणि सापडणाऱ्याला पहिल्या नजरेत तिन्ही सारख्याच अनोळखी.

एकदाच झालेला दावा

दायित्व कराराचा आधार घेऊन मांडलेला मोठा दावा इतिहासात एकच आहे. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत युनियनचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे बर्फावर विखुरले. कॅनडाने साफसफाईच्या खर्चापोटी ६० लाख कॅनेडियन डॉलरहून जास्त मागितले. तडजोड १९८१ मध्ये ३० लाखांवर झाली. हा पैसा मुख्यतः शोध आणि सफाईचा होता, कुणाच्या घराचा किंवा पिकाचा नव्हता. करारात नुकसान म्हणजे जीवितहानी, इजा, आरोग्याला बाधा आणि मालमत्तेचे नुकसान. सफाईचा खर्च त्यात पूर्णपणे येतो का, यावर जाणकारांत आजही एकमत नाही.

कॉसमॉस कोसळल्याच्या पुढच्या वर्षी, जुलै १९७९ मध्ये, अमेरिकेचे स्कायलॅब हे अवकाश स्थानक पडायच्या वेळी भारतातही घबराट पसरली होती. खेड्यापाड्यांतल्या वयस्कर माणसांना ते दिवस आठवतात. शेवटी तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिथल्या एस्परन्स या गावाच्या स्थानिक संस्थेने अमेरिकेला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला. तो २००९ मध्ये एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे जमवून भरला.

धोका किती आणि कुणाच्या वाट्याला

आजच्या वादाचा गाभा इथे आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, सहा दशकांहून अधिक काळ वस्तू पडत आल्या, तरी अवकाशातून पडलेल्या तुकड्याने माणूस मेल्याची खात्रीची नोंद नाही. पृथ्वीचा बहुतांश भाग समुद्र आणि निर्जन जमीन आहे. वीज पडून मराठवाड्यात दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात, त्या तुलनेत हा धोका नगण्य आहे. अमेरिकेसह काही देशांच्या संस्था एका वस्तूमागे इजेची शक्यता दहा हजारांत एकपेक्षा कमी असावी अशी मर्यादा पाळतात, आणि एवढे पुरेसे आहे असे या बाजूला वाटते.

दुसरी बाजू म्हणते, एकेका वस्तूचा हिशेब करून भागत नाही, सगळ्या वस्तूंचा एकत्र करा. कॅनडाचे मायकेल बायर्स आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये 'नेचर अॅस्ट्रॉनॉमी'त तसा हिशेब मांडला. प्रत्येक टप्पा सरासरी १० चौरस मीटरवर घातक तुकडे पसरवतो असे धरले, तर येत्या दशकात कुणीतरी जखमी किंवा मृत होण्याची शक्यता सुमारे १० टक्के आहे. त्यांच्या निष्कर्षांतला जास्त बोचरा भाग वाटणीचा आहे. जकार्ता, ढाका आणि लागोस यांच्या अक्षांशांवर हा धोका न्यूयॉर्क, बीजिंग आणि मॉस्कोच्या अक्षांशांपेक्षा किमान तिप्पट आहे. रॉकेट सोडणाऱ्यांची शहरे उत्तरेला आणि पडण्याची जोखीम विषुववृत्ताजवळच्या माणसांवर, असा हा हिशेब होतो. मे २०२० मध्ये चीनच्या लाँग मार्च-५बीचे लांब पाइप आयव्हरी कोस्टच्या गावांत पडले. ३० डिसेंबर २०२४ रोजी केनियातल्या मुकुकू गावात अडीच मीटर व्यासाचे, सुमारे ५०० किलोचे धातूचे कडे पडले. लाडबोरीची आठवण व्हावी असेच हे दृश्य होते.

उपाय माहीत आहे. टप्प्याचे इंजिन शेवटी पुन्हा पेटवून त्याला प्रशांत महासागराच्या निर्जन भागात नेऊन पाडायचे. त्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते आणि तेवढा उपग्रहाचा भार कमी होतो. म्हणजेच पैसे लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या समितीची २००७ ची कचरा कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे ऐच्छिक आहेत. ती बंधनकारक करावीत असे एक मत, आणि बंधन आले तर नव्या अवकाश देशांचीच वाट अडेल असे दुसरे मत. दुसऱ्या मतात तथ्य आहे, कारण जुन्या देशांनी आपले बहुतेक टप्पे कसलीही बंधने नसताना सोडले. तरीही लाडबोरीत राहणाऱ्या माणसाला ऐच्छिक तत्त्वांतून फारसा दिलासा मिळत नाही, आणि या वादात त्याची बाजू मांडणारे कुणी बैठकीत नसते.

भारत दोन्ही बाजूंना

भारत केवळ सोसणारा देश नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, ज्युरियन बेजवळ, एक मोठा दंडगोल वाहून आला. ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने ३१ जुलैला सांगितले की ते बहुधा भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष आहेत. तेव्हा भारत वस्तू सोडणारा देश होता आणि ऑस्ट्रेलिया लाडबोरीच्या जागी.

इस्रोने अलीकडे या बाबतीत बरेच काम केले आहे. ७ मार्च २०२३ रोजी मेघा-ट्रॉपिक्स-१ हा निवृत्त उपग्रह ठरवून प्रशांत महासागरावर उतरवला गेला. तो तयार करताना तशी सोय केलेलीच नव्हती, म्हणून ही कामगिरी अवघड होती. मार्च २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी५८ चा वरचा टप्पाही प्रयोगांसाठी वापरून झाल्यावर सुरक्षित खाली आणला गेला. २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या, सरकारी आणि खासगी, मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. मात्र चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटचा वरचा टप्पा नोव्हेंबर २०२३ मध्ये अनियंत्रितपणेच परत आला आणि उत्तर प्रशांत महासागरावर वातावरणात शिरला. उद्दिष्ट आणि रोजचा व्यवहार यांत अजून अंतर आहे.

देशातला कायदा

भारतात अवकाशासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अवकाश व्यवहार विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. परवाना आणि दायित्व हे दोन्ही विषय त्यात होते, आणि केंद्र सरकारवर दावा आला तर परवानाधारकाने भरपाई करावी अशी तरतूद होती. त्याचा कायदा झाला नाही. २०२० मध्ये खासगी अवकाश कामांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था स्थापन झाली, एप्रिल २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण आले आणि मे २०२४ मध्ये इन-स्पेसने परवानग्यांची सविस्तर कार्यपद्धती जाहीर केली. मधल्या काळात नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूट या खासगी कंपनीचे विक्रम-एस आणि मे २०२४ मध्ये अग्निकुल या दुसऱ्या खासगी कंपनीचे रॉकेट उडाले.

नवउद्योगांना वाटते, कायद्याची घाई नको. क्षेत्र बाळसे धरत असताना धोरण बदलता येते, कायदा सहजी बदलत नाही, आणि अमर्याद दायित्व कुठलीही छोटी कंपनी पेलू शकणार नाही. फ्रान्स, अमेरिका यांसारख्या देशांनी एका मर्यादेपलीकडचा भार राज्याने घेण्याची सोय केली आहे, तशी इथे हवी असा त्यांचा आग्रह आहे. कायदेतज्ज्ञांचे उत्तर असे, की इन-स्पेसला संसदेच्या कायद्याचा आधार नसेल तर तिचे निर्णय न्यायालयात किती टिकतील हे सांगता येणार नाही, आणि विमा कंपन्यांना हप्ता ठरवण्यासाठीसुद्धा कायद्यात लिहिलेली दायित्वाची मर्यादा लागते. या दोन म्हणण्यांत फार विरोध नाही. मर्यादा लिहिलेला कायदा हवा, हे दोघांनाही मान्य होईल. मर्यादेच्या वरचे पैसे कुणाच्या तिजोरीतून जाणार, तिथे गाडी अडते.

पंचनामा आणि पुढे

बेंबळी पोलीस ठाण्याच्या हद्दीत उद्या दाबटाकी पडली तर काय होईल, याचा अंदाज बांधता येतो. पोलीस जागा घेरतील, तलाठी पंचनामा करतील, वस्तू ठाण्यात जाईल, जिल्हाधिकारी कार्यालयातून इस्रोला कळवले जाईल. गारपीट आणि अतिवृष्टीमुळे पंचनामा या भागाला तोंडपाठ आहे. पण गारपीट केंद्राच्या अधिसूचित १२ आपत्तींमध्ये आहे, तिच्या मदतीचे दर ठरलेले आहेत. अवकाशातला कचरा त्या यादीत नाही. परराष्ट्र मंत्रालयापर्यंत जाणाऱ्या दाव्यासाठी तलाठ्याने काय नोंदवायचे, मातीचा नमुना घ्यायचा का, पेरणीच्या आठवड्यात शेत बंद राहिले तर ते नुकसान धरायचे का, याचा नमुना फॉर्म गावपातळीवर नाही. दावा एक वर्षात करायचा असतो आणि त्याचा पहिला पुरावा गावातच तयार होतो, म्हणून ही उणीव किरकोळ समजू नये.

माहितीचेही तसेच. इस्रोचे अंतराळ परिस्थितीवर लक्ष ठेवणारे केंद्र बेंगळुरूत काम करते, परत येणाऱ्या वस्तूंचे अंदाज तिथे बांधले जातात. वेळेचा अंदाज थोडाही चुकला तरी जागा हजारो किलोमीटरने सरकते, त्यामुळे गावाचे नाव घेऊन इशारा देणे शक्य नाही, आणि उगाच घबराट नको हा अधिकाऱ्यांचा युक्तिवाद रास्त आहे. पण पडल्यानंतर काय करायचे हे आधी सांगायला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. बलून केंद्राने ते वर्षानुवर्षे करून दाखवले आहे. मराठी विज्ञान परिषद, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचे खगोल मंडळ यांच्यासारख्या संस्था, शाळांतले विज्ञान शिक्षक आणि आता दरवर्षी २३ ऑगस्टला साजरा होणारा राष्ट्रीय अवकाश दिवस, एवढी साधने हाताशी आहेत. या दिवशी शाळेत चांद्रयानाची प्रतिकृती होते, ती व्हायलाच हवी. तिच्याशेजारी दाबटाकीचे चित्र आणि 'हात लावू नका, ठाण्यात कळवा' अशी पाटी असावी, इतकीच मागणी आहे.

एक प्रश्न मात्र कोणत्याच कप्प्यात बसत नाही. दायित्व कराराचे सातवे कलम सांगते की, वस्तू सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागू नाही. भारतीय रॉकेटचा तुकडा भारतीयाच्या शेतात पडला, तर निरपेक्ष दायित्वाचा आंतरराष्ट्रीय नियम त्याच्या उपयोगाचा नाही. अमेरिकेत असेच घडले. मार्च २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या नेपल्स शहरात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून टाकलेल्या साहित्याचा सातशे ग्रॅमचा तुकडा एका घराचे छत आणि मजला फोडून गेला. त्या कुटुंबाने नासाकडे ८० हजार डॉलरहून अधिक रकमेचा दावा केला. त्यांच्या वकिलांचा मुद्दा असा, की परदेशी माणसाला करारानुसार जे मिळाले असते ते आपल्याच नागरिकाला का मिळू नये.

भारतात अशा माणसाला १९८६ च्या ओलियम वायुगळती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मांडलेल्या निरपेक्ष दायित्वाच्या तत्त्वाचा आधार घेता येईल, असे काही विधिज्ञ मानतात. ते तत्त्व धोकादायक उद्योगांसाठी सांगितले गेले आणि अवकाश प्रक्षेपणाला ते लावून पाहिलेले नाही. श्रीहरिकोटा आणि तमिळनाडूत उभे राहत असलेले कुलशेखरपट्टिनम ही दोन्ही प्रक्षेपण केंद्रे समुद्राकाठी आहेत, त्यामुळे उड्डाणातले टप्पे पाण्यात पडतात. कक्षेतून वर्षा-दोन वर्षांनी परत येणाऱ्या वस्तूला ही सोय नाही. पुढच्या विधेयकात भारतीय नागरिकाच्या नुकसानीसाठी वेगळे कलम असेल का, आणि त्याने दावा इन-स्पेसकडे, कंपनीकडे की जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, हे ठरायचे बाकी आहे.